भोंग्याचा रकाना

१

मंगळवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी भोंगा गप्प झाला, आणि पाळणाघरातल्या काकूंचा चमचा हवेतच थांबला. कारण भोंगा गप्प बसणाऱ्यांतला नव्हताच. दहा महिन्यांचं ते पोर भूक लागली तरी किंचाळायचं आणि पोट भरलं तरी किंचाळायचं. म्हणून तर घरादाराने त्याचं नाव भोंगा ठेवलेलं. त्याची जुळी बहीण मनी शेजारच्या खुर्चीत बसून त्याच वाटीतलं कुस्करलेलं केळं त्याच चमच्याने मिटक्या मारत खात होती. भोंग्याने पाच-सहा घास खाल्ले, ओठ चोळले आणि भडाभडा ओकला. मग गळ्यावर, पोटावर लालबुंद गांध्या उठल्या, ओठ सुजले, आणि श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. काकू त्याला उचलून अनवाणीच रस्त्यावर धावल्या.

इस्पितळात त्याला लगेच अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिलं. पण तिथे पोचेपर्यंत वीस मिनिटं गेली होती. दुपारी तीनला त्याच्या घशात नळी घालून श्वास यंत्रावर घ्यावा लागला. "बहात्तर तास काही सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले.

वाटीत केळं होतं, आणि केळ्यात दोन चमचे पीनट बटर. ते बाळांना द्या असं सांगितलं होतं चमचाताईने.

चमचाताई म्हणजे त्याच इस्पितळाच्या आवारातल्या बाल आरोग्य केंद्रातली नर्स. अ‍ॅप्रनच्या खिशात कायम एक छोटा चमचा, म्हणून हे नाव. समोरासमोर सगळे तिला सिस्टर म्हणत, पाठ वळली की चमचाताई, आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं. सहा महिन्यांच्या बाळांच्या आयांसाठी ती 'पहिले घास' नावाचा वर्ग घ्यायची. अंडं, दाणे, मासे घाबरून लांबवू नका; वेळेवर सुरू करा आणि सुरू केलं की सोडू नका, नियमाने देत राहा, म्हणजे त्या पदार्थाची अ‍ॅलर्जी होण्याचा धोका बराच कमी होतो, हे ती घसा कोरडा पडेपर्यंत सांगायची. वर दिवसाला चाळीस फोन. नऊ वर्षं हे चाललं होतं, आणि तिच्या हातून एकाही बाळाला इजा झाली नव्हती.

अतिदक्षता विभागाच्या बाहेर जुळ्यांची आई उभी होती. ती बस आगारात वेळापत्रकं बसवायची. मिनिटामिनिटाचा हिशोब ठेवणारी, काटेकोर बाई. तिच्या अंगावर अजून आगाराचाच गणवेश होता.

"सिस्टर, तुम्ही म्हणालात दाणे द्या. मी दिले. मंगळवार, गुरुवार, शनिवार. एक वार चुकवला नाही. चार महिने जे पोर दाणे खातंय त्याला आज दाण्यानेच कसं काय झालं?"

"दाण्यानेच झालं असं अजून—"

"मला कारण हवंय," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त भयंकर होतं. "ते मिळेपर्यंत मनीच्या तोंडात दाण्याचा कण जाणार नाही. अंडं नाही, मासा नाही, काही नाही. आणि मी वर्गातल्या प्रत्येक आईला फोन करून हेच सांगणार."

ती करेल याबद्दल चमचाताईला तिळमात्र शंका नव्हती. आणि मनीचं दाणे खाणं आता थांबलं तर उद्या मनीही याच दारामागे असू शकेल, हेही तिला कळत होतं.

२

केंद्राच्या मोठ्या डॉक्टरांनी वर्ग बंद ठेवायला सांगितला. "शनिवारी सकाळपर्यंत मला एका पानावर सगळं लिहून द्या," ते म्हणाले. "कारण सापडलं नाही तर वर्ग कायमचा बंद. माझा नाइलाज आहे."

बुधवारी सकाळी चमचाताई पाळणाघरात गेली. दाराला कुलूप आणि त्यावर कुणीतरी चिकटवलेला कागद: इथे मुलं ठेवू नका. काकू मागच्या दाराने बाहेर आल्या. रडून रडून त्यांचे डोळे सुजले होते.

"वीस वर्षं पोरं सांभाळतेय हो," त्या म्हणाल्या. "कुणाचा गुडघा फुटला तरी माझा जीव तुटतो. आता म्हणतात, मी कसलं तरी बिस्किट दिलं. कशाला देईन? वाटी घरून आलेली, आईने सकाळी भरून दिलेली. मी फक्त भरवलं."

"मनीनेही तेच खाल्लं?"

"त्याच वाटीतलं. तिला ढिम्म काही झालं नाही."

चमचाताईने विचारलं, "दाण्याची वाटी नेहमी तुमच्याकडेच येते का?"

"छे! कालच पहिल्यांदा आली. आई पहाटे पाचलाच कामावर जाते ना, मग दाण्याच्या दिवशी आजी घरी भरवूनच पाठवतात; दोघांना दिवसभर सांभाळणं त्यांना झेपत नाही. काल त्यांची डोळ्यांची तपासणी होती, औषध घालणार होते, म्हणून त्या लवकर गेल्या. आईने वाटी भरली आणि बाबाने पोरांबरोबर आणून दिली." काकूंनी नाक पुसलं. "बाबा बिचारा भला माणूस आहे. चारला कारखान्यातून सुटला की थेट इथे. आला की आधी भोंग्याला उचलणार, डाव्या खांद्यावर टाकणार, की पाच मिनिटांत स्वारी गाढ झोपलेली. मनीचा नंबर नंतर. ती गरीब आहे."

"भोंग्याच्या गालावर तो इसब अजून आहे?"

"आहे तर. उजवा गाल आणि हनुवटीखालचा भाग. खाजवून खाजवून रक्त काढतो. डावा गाल मात्र कसा लोण्यासारखा आहे."

चमचाताई परत आली तर केंद्राच्या दारातच प्रयोगशाळेतला माणूस अहवाल घेऊन उभा होता. वाटीत केळं आणि शेंगदाणे यांखेरीज काही नव्हतं. बरणीत भेसळ नव्हती. आणि भोंग्याच्या रक्तात शेंगदाण्याविरुद्धची अ‍ॅलर्जी इतकी होती की त्या माणसाने चाचणी दोनदा करून पाहिली होती.

काकू सुटल्या. पण कोडं सुटायच्या ऐवजी जास्तच आवळलं गेलं. सहाव्या महिन्यात याच भोंग्याने याच केंद्रात, चमचाताईच्या मांडीवर बसून दाण्याचा पहिला चमचा खाल्ला होता. त्याला इसब होता म्हणून मोठे डॉक्टर स्वतः शेजारी उभे होते. दोन तास झाले तरी अंगावर एक पुटकुळी उठली नव्हती. मग मधल्या काळात काय घडलं होतं?

३

दुपारी ती जुळ्यांच्या घरी गेली. दोन खोल्या, वाळत टाकलेली बाळांची झबली, खिडकीशी दोन पाळणे. एकात मनी उताणी पडून स्वतःचा अंगठा चोखत होती. दुसऱ्या पाळण्यातली चादर कुणीतरी अगदी ताणून, सुरकुती न ठेवता घातली होती.

दार आजीने उघडलं. बाबाची आई. चमचाताईला बघताच म्हातारीचा चेहरा पांढरा पडला.

"तुम्ही?" ती कुजबुजली. आत वळून सून घरात नाही याची खात्री करून घेतली. "मी कुणाला काही बोलले नाही हो, सिस्टर."

"कशाबद्दल?"

"तुम्हाला सगळं ठाऊकच आहे," आजी म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.

चमचाताईला वाटलं, म्हातारी धक्क्याने बावचळली आहे. घरातलं पोर मरणाच्या दारात. माणूस काय बोलतो त्याचा धरबंध राहत नाही. तिने ते मनावर घेतलं नाही.

फ्रिजच्या दारावर आईने बनवलेला तक्ता होता. आगारातल्या वेळापत्रकासारखाच. डावीकडे तारखा, मग दोन रकाने, एक भोंग्याचा, एक मनीचा. प्रत्येक दाण्याच्या दिवशी दोघांपुढे बरोबरची खूण. चमचाताईने मोजल्या. सतरा आठवडे, आठवड्याला तीन, एक्कावन्न खुणा. दोन्ही रकान्यांत एक्कावन्न. कालच्या मंगळवारची जागा तेवढी रिकामी.

"या खुणा कोण करतं?"

"मीच करते. भरवून झालं की लगेच," आजी आतून म्हणाली. "सून कामावरून आली की आधी तक्ता बघते, मग पोरांना."

सुनेबद्दलची नाराजी लपता लपत नव्हती. चमचाताईला आठवलं, वर्गातही सासू-सुनेची चकमक उडाली होती. आजीचं म्हणणं, दात नीट यायच्या आत कसले दाणे? आणि सून म्हणाली होती, "आई, आता हे माझ्या पद्धतीने होणार." सगळ्या आयांसमोर.

ती तक्त्यासमोर पुन्हा उभी राहिली. मनीच्या रकान्यावर तपकिरी डाग वाळले होते, चिकट बोटांचे ठसे उमटले होते. एका हाताने पोर सांभाळत दुसऱ्या हाताने खूण केली की कागदाचं असंच व्हायचं. भोंग्याच्या रकान्यातही सुरुवातीच्या तीन खुणांवर तसेच डाग होते. पुढचा सगळा रकाना स्वच्छ, जणू हात धुऊन, पुसून, सावकाश भरलेला.

कुठेतरी पाणी मुरत होतं. पण म्हातारीला काही विचारावं तोच इस्पितळातून फोन आला. भोंग्याचा ताप चढला होता, आणि फुफ्फुसाच्या एका बाजूला हवा जात नव्हती.

४

गुरुवार. बहात्तर तासांपैकी अठ्ठेचाळीस संपले होते. आज मनीचा दाण्याचा दिवस होता आणि मनीला दाणे मिळाले नाहीत.

बाबा अतिदक्षता विभागासमोरच्या बाकावर बसला होता. कारखान्यातून थेट आलेला. त्याच्या गुडघ्यांवर प्रयोगशाळेने परत केलेली पीनट बटरची बरणी, प्लास्टिकच्या पिशवीत.

"फेकून का देत नाही ही?" चमचाताईने विचारलं.

"बायको म्हणाली, ठेव. पुरावा आहे म्हणे." त्याने बरणी तिच्या हातात दिली. "मीच आणली होती, सिस्टर. मीच. एवढी एकच."

"एकच? नंतर दुसरी नाही आणली?"

"लागलीच नाही."

झाकणावर आईच्या नेटक्या अक्षरात उघडल्याची तारीख होती. सतरा आठवड्यांपूर्वीची. तळाला अजून चारेक चमचे माल होता. लेबलवर लिहिलं होतं: तीनशे ग्रॅम.

चमचाताईने खिशातला चमचा काढला. या चमच्यात पाच ग्रॅम मावतात, हे ती झोपेतही सांगू शकली असती; वर्गात ती प्रत्येक आईला असाच एक चमचा द्यायची. म्हणजे बरणीत साठ चमचे. दोन पोरं, एक्कावन्न दिवस, एकेक चमचा, झाले एकशे दोन. मंगळवारच्या वाटीतले दोन धरून एकशे चार. साठ चमच्यांच्या बरणीतून एकशे चार चमचे निघाले होते, आणि वर चार उरले होते!

तिने उलटा हिशोब करून पाहिला. पहिल्या आठवड्यात दोघांचे मिळून सहा. पुढचे सोळा आठवडे एकाच बाळाचे तीन-तीन, म्हणजे अठ्ठेचाळीस. मंगळवारचे दोन. छप्पन्न. आणि चार उरलेले. साठ.

तिळमात्र फरक नव्हता. सोळा आठवडे दाणे एकच बाळ खात होतं, आणि ते बाळ भोंगा नव्हतं.

पण नुसतं न खाल्ल्याने एवढी अ‍ॅलर्जी कुठून आली? दाण्याशी त्याचा संबंधच नव्हता, तर त्याच्या शरीराने दाण्याशी वैर धरलं कसं?

बाबाने तोंड ओंजळीत झाकलं होतं. त्याच्या शर्टाच्या शिवणीत, खिशाच्या काठाला, डाव्या खांद्याच्या सुरकुतीत फिकट तपकिरी पूड बसली होती.

"तुमच्या कारखान्यात काय बनतं?"

"बिस्किटं. मी दळणाच्या यंत्रावर असतो." त्याने मान वर केली. "दाणे भाजून दळायचे, आत सारण म्हणून भरायला. का हो?"

"घरी यायच्या आधी कपडे बदलता?"

"हात धुतो. शर्ट घरीच बदलतो. पोरगं रडत असतं ना, आधी त्याला घेतो."

चमचाताईला डाव्या खांद्यावर झोपलेलं ते पोर दिसलं. रक्त येईस्तोवर खाजवलेला उजवा गाल त्या शिवणीवर टेकलेला. रोज. चार महिने. तिला बाबाकडे बघवेना. ती उठली, कारण अजून एक माणूस बाकी होता, आणि त्या माणसाला काय विचारायचं ते आता तिला पक्कं कळलं होतं.

५

शुक्रवारी सकाळी तिने आजीला इस्पितळाच्या मागच्या अंगणात गाठलं. म्हातारी एका दगडी कट्ट्यावर बसली होती, मांडीवर मनी. मनी तिच्या बांगडीशी खेळत होती.

"आजी, मी रागवायला आलेली नाही," चमचाताई शेजारी बसत म्हणाली. "पण खरं सांगा. भोंग्याला दाणे देणं तुम्ही कधीपासून बंद केलंत?"

ती नकाराची, रडण्याची, शिव्याशापांची तयारी करून आली होती. आजीच्या चेहऱ्यावर यातलं काही उमटलं नाही. उमटलं ते निव्वळ नवल.

"कधीपासून म्हणजे?" आजी म्हणाली. "तुम्ही सांगितल्यापासून."

६

"मी?"

"मग कोण? दुसऱ्या आठवड्यातला सोमवार होता. उजवा गाल खूप चिघळला होता. उद्या दाण्याचा दिवस, द्यावे की नाही कळेना, म्हणून मी केंद्रात फोन केला. सुनेला नाही सांगितलं. तिला वाटलं असतं, म्हातारी खुसपट काढतेय. फोन तुम्हीच उचललात. मागे पोरं रडत होती. तुम्ही म्हणालात, अंग बरं होईपर्यंत थांबा."

चमचाताईने तो सोमवार आठवून पाहिला.

"मी थांबले," आजी म्हणाली. "रोज सकाळी गाल बघायचे. आज बरा होईल, उद्या बरा होईल. बरा झालाच नाही. तक्त्यावर खूण करायचे, कारण रिकामी जागा दिसली असती तर घरात महाभारत झालं असतं. म्हटलं, केंद्रानेच सांगितलंय, म्हणजे आपण काही पाप करत नाही. परवा तुम्ही घरी आलात ना, मला वाटलं, मी तोंड बंद ठेवावं म्हणून आलात."

चमचाताई कट्ट्यावरून कशी उठली आणि केंद्रात कशी पोचली ते तिला नंतर आठवलं नाही. फोनची वही तिच्याच टेबलावर होती, तिच्याच अक्षरातली. कुणाला कोणताही पदार्थ थांबवायला सांगितला की 'थांबवलं' या रकान्यात तारीख, आणि शेजारच्या 'पुन्हा सुरू' या रकान्यात आपण उलट फोन कधी करायचा ती तारीख. हा नियम तिनेच घातलेला. इसब बरा होवो न होवो, दोन-चार दिवसांत बाळाला बोलवायचं, डॉक्टरांना त्वचा दाखवायची, मलम बदलायचं आणि दाणे चालू करायचे. कारण फुटलेली त्वचा हे थांबण्याचं कारण नव्हतंच. उलट घाई करण्याचं कारण होतं.

तिने पान काढलं. सोमवार. सव्वा अकरा. जुळ्यांची आजी, मुलाचा इसब वाढला, दाणे थांबवायला सांगितले. थांबवलं: त्या दिवसाची तारीख.

पुन्हा सुरू: कोरं.

दिवसाला चाळीस फोन. बहुधा तेवढ्यात दुसरं पोर ओकलं असेल, कुणी हाक मारली असेल, पेन खाली ठेवलं असेल. तिला तो फोन आठवत नव्हता. एक शब्दही आठवत नव्हता. याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

मग तिने पुढची पानं उलटली. 'पुन्हा सुरू' च्या रकान्यात आणखी कोऱ्या जागा होत्या. तिने बोट ठेवून मोजल्या. अकरा.

दारात आजी उभी होती. मनीला कडेवर घेऊन ती एवढा जिना चढून आली होती, तिला धाप लागली होती.

"सिस्टर, ऐका माझं," ती म्हणाली. "मी सुनेला सांगते की मी माझ्याच मनाने बंद केलं. ती तशीही माझ्याशी धड बोलत नाही. माझं काय जाणारेय? तुम्ही बुडालात तर तो वर्ग बुडेल. चांगला वर्ग आहे तो. मनी बघा कशी सगळं खाते."

चमचाताई खुर्चीत बसून राहिली. म्हातारी काही खोटं बोलत नव्हती. नऊ वर्षांची शेकडो पोरं अंडी-दाणे खाऊन ठणठणीत होती. एका कोऱ्या जागेपायी ते सगळं मातीत जाणार होतं. आणि ही कोरी जागा भरायला किती वेळ लागणार होता? पेन हातातच होतं. एक तारीख लिहायची, पुढे 'फोन लागला नाही' असं लिहायचं. कोण विचारणार होतं?

तिने पेनचं टोपण काढलं. मग तिने मनीकडे पाहिलं. आता या पोरीच्या आईने पुन्हा विश्वास ठेवला, तर तो एका खोट्यावर ठेवलेला असणार होता. आणि त्या बाईला हिशोब जुळवता येत होता. बरणी तिच्याकडेही होती.

चमचाताईने टोपण लावलं.

७

तिने सांगितलं ते अतिदक्षता विभागाच्या बाहेर, दुपारी, तिघांसमोर. भोंग्याच्या घशातली नळी तासाभरापूर्वी काढली होती. तो श्वास स्वतः घेत होता, डोळे उघडत होता. डॉक्टर म्हणाले होते, जगेल. पण दाण्याचा कण जरी पोटात गेला तरी पुन्हा हेच होऊ शकतं, इंजेक्शन कायम जवळ बाळगायचं.

तिने बरणीचा हिशोब सांगितला. तक्त्यावरचे डाग सांगितले. आईची नजर सासूकडे वळली, तशी चमचाताई मधे उभी राहिली.

"त्यांच्याकडे नका बघू. त्यांनी फोन केला आणि विचारलं. मी म्हणाले, थांबा. कधीपर्यंत ते ठरवलं नाही, नंतर फोन करून विचारलं नाही. हे बघा." तिने वही उघडून पुढे धरली. "दाणा तोंडावाटे पोटात जात राहिला की बाळाचं शरीर त्याला अन्न म्हणून ओळखतं. फुटलेल्या त्वचेतून आत शिरला की शत्रू समजतं. भोंग्याच्या बाबतीत मी पहिला रस्ता बंद केला. दुसरा उघडाच होता."

"कुठला दुसरा?" बाबाने विचारलं. आणि विचारता विचारताच त्याचा हात स्वतःच्या डाव्या खांद्यावर गेला.

तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याने शर्ट काढून टाकला, तिथेच, सगळ्यांसमोर. आजी उठून त्याच्याजवळ गेली.

"तुम्हाला माहीत असण्याचं कारणच नव्हतं," चमचाताई त्याला म्हणाली. "पूड त्वचेतून आत शिरते हे मला माहीत होतं. बाप काय काम करतो हे मी कधी विचारलंच नाही."

आई वहीवर वाकली होती. तिने बोटाने ओळ धरली, तारीख वाचली, वेळ वाचली, कोरी जागा बघितली. मग तिने पुढची पानं उलटली. तिला अकराही सापडल्या. न सांगता सापडल्या.

"उद्या शनिवार," ती अखेर म्हणाली. "मनीला द्यायचे का?"

"हो."

"तेच घर. तोच कारखाना. तेच दाणे."

"म्हणूनच. ती चार महिने खातेय, तिचं शरीर दाण्याला ओळखतं. आता थांबलात तर तिच्याही बाबतीत..." चमचाताईने हात जोडले. "माझं ऐकू नका. मोठ्या डॉक्टरांना विचारा, दुसऱ्या कुणालाही विचारा. पण तिचं थांबवू नका. पाया पडते तुमच्या."

आईने वही मिटली आणि तिच्या हातात ठेवली.

"मला तुमचं तोंड बघवत नाही," ती म्हणाली, आणि आत भोंग्याकडे निघून गेली.

८

शनिवारी सकाळी आठला चमचाताईने मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर आपलं पान ठेवलं. त्यात एकही शब्द मऊ केलेला नव्हता. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

"आजपासून तुमच्यावर चौकशी बसेल. वर्ग तुम्हाला घेता येणार नाही," ते म्हणाले. "दुसरं कुणी घेईल की नाही, तेही मला आत्ता सांगता येत नाही."

"आजचा दिवस मला वही आणि फोन द्या. अकरा घरं आहेत."

त्यांनी पान घडी करून खणात ठेवलं. "आजचाच दिवस," ते म्हणाले.

साडेआठला जुळ्यांची आई मनीला घेऊन केंद्रात आली. घरी भरवण्याचा धीर तिला होत नव्हता. तिने मोठ्या डॉक्टरांना शेजारी उभं राहायला सांगितलं, इंजेक्शन टेबलावर काढून ठेवायला लावलं आणि चमचाताईने बाहेर जावं अशी अट घातली. चमचाताई शेजारच्या खोलीत जाऊन बसली. मधे फक्त पातळ भिंत होती. पलीकडून वाटी ठेवल्याचा आवाज आला, मनीच्या खुर्चीचा पट्टा लागल्याचा आवाज आला, आणि मग काहीच नाही.

तिने पहिला नंबर फिरवला. "मी बाल आरोग्य केंद्रातून बोलतेय. तीन महिन्यांपूर्वी मी तुम्हाला अंडं थांबवायला सांगितलं होतं. चूक माझी आहे. घरी आपापलं सुरू करू नका. बाळाला आजच घेऊन या, डॉक्टर तपासून ठरवतील."

दुसऱ्या घरी कुणी उचललं नाही; थोड्या वेळाने पुन्हा लावल्यावर उचललं. तिसऱ्या घरच्या आईने रडायला सुरुवात केली. चौथीने शिव्या दिल्या, आणि चमचाताईने त्या पूर्ण ऐकून घेतल्या. बोलता बोलता तिचा कान भिंतीकडे होता. पलीकडे खोकला आला की तिचा हात फोनवर गोठायचा. तो खोकला डॉक्टरांचा होता.

असे दोन तास गेले. मग दार उघडलं.

आई उंबऱ्यात उभी होती, मनी कडेवर. मनीच्या हनुवटीवर तपकिरी ओघळ वाळला होता आणि ती आईच्या गळ्यातली आगाराची ओळखपट्टी चावत होती. अंगावर एक पुटकुळी नव्हती.

चमचाताई उभी राहिली. तिला खूप बोलायचं होतं आणि बोलायचा तिला हक्क नव्हता.

आईने तिच्याकडे पाहिलं नाही. टेबलावरच्या वहीकडे पाहिलं.

"आमच्याकडे गाडी थांबवायची असेल तर ती पुन्हा कधी सुटणार ते आधी लिहावं लागतं," ती म्हणाली. "त्याशिवाय थांबवता येत नाही. तुम्ही ही तारीख आधी लिहा. मग 'थांबा' म्हणा."

"उद्यापासून ही वही माझ्याकडे नसेल."

"मग ज्याच्याकडे असेल त्याला सांगा." तिने मनीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "किती झाले?"

"सात."

"चार राहिले," आई म्हणाली, आणि भोंग्याच्या वॉर्डकडे चालू लागली.

चमचाताई खाली बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यामुळे वहीवरचे आकडे नीट दिसत नव्हते. तिने अ‍ॅप्रनने डोळे पुसले, ओळीवर बोट ठेवलं आणि आठवा नंबर फिरवला.